अर्धा ज्यूल

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाईंचा उजवा हात जो रुसला, तो रुसलाच. जन्मभर पोरांना पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाई दातओठ खाऊन जोर लावायच्या, घामाघूम व्हायच्या, पण हात गादीवरून तसूभर हलायचा नाही.

"आज किती काम झालं, बाई?" व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट रोज विचारायची.

"शून्य! वस्तू जागची हलली नाही, तर काम शून्य. मग घाम कितीही गाळा."

तिला दारापर्यंत पोचवताना बाईंचा नवरा हळूच म्हणायचा, "मनावर घेऊ नका. पार खचलीय ती."

आज तिने बाईंच्या तळहातावर लहानसं सफरचंद ठेवलं. हात थरथरला, उचलला गेला, मध्येच अडखळला आणि सफरचंदासकट थेट तोंडाशी येऊन थांबला. नवऱ्याला रडूच फुटलं.

"अहो, रडताय काय? सफरचंदाचं वजन एक न्यूटन धरा, उचललं अर्धा मीटर. काम किती झालं?"

"अर्धं," तो डोळे पुसत कसाबसा म्हणाला.

"अर्धं काय? अर्धा डझन? एकक कुठंय? एक मार्क कापला!" असं म्हणत बाईंनी सफरचंदाचा कचकन लचका तोडला.