नमद्याची बरणी

अर्ध्या तासाने मुलं तापमापक बघायला धावली आणि आकडे पुन्हा पुन्हा वाचू लागली.

दोन बरण्यांत सारखंच कढत पाणी ओतलं होतं. एकीला लोकर दाबून केलेला नमदा गुंडाळला होता, दुसरीला फाटकं चिनी जाकीट. शाळा सुटल्यावरच्या विज्ञानवर्गातली अकराच्या अकरा मुलं नमद्याच्या बाजूची. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी नारीनच्या डोंगरातले कडाक्याचे हिवाळे नमद्याच्या तंबूत काढले, ती आणखी कुणाची बाजू घेणार?

जाकिटाची बरणी अठ्ठावन्न अंश. नमद्याची एक्कावन्न.

जुमाली मास्तरांशेजारी राजधानी बिश्केकहून तपासणीला आलेल्या गुलझिनाबाई कागद घेऊन बसल्या होत्या. हा वर्ग पुढच्या वर्षी चालू ठेवायचा की बंद करायचा, ते त्या कागदावर ठरणार होतं.

"आधी करून बघितलं नव्हतंत?" मुख्याध्यापिका मास्तरांच्या कानाशी फणकारल्या.

"आधी बघितलं, की मग उरतं ते नाटक," मास्तर म्हणाले.

फळ्यापाशी आयझिरेक खडू धरून उभी होती. घरून नमदा आणणारा तिलेक तिला हळूच म्हणाला, "एकसष्ट लिही की. पाहुण्यांसमोर नमद्याची लाज काढतेस होय?"

आयझिरेकने मास्तरांकडे पाहिलं. उत्तर मास्तरांच्या जिभेवर आलं होतं. ते गिळून त्यांनी हात पाठीमागे बांधले. इतकी वर्षं शिकवून आता कुठे त्यांना एवढं जमायला लागलं होतं.

तिने एक्कावन्न लिहिलं. ठसठशीत.

"म्हणजे नमद्यासारखी ऊब कशालाच नाही म्हणणारी माझी आजी खोटारडी?" तिलेक उसळला.

"आजी नाही रे," आयझिरेक म्हणाली, "नमदा ओला आहे. हात लावून बघ. येताना बर्फात पाडला असशील."

"ओलाबिला काही नाही. पातळ आहे. तंबूचा केवढा जाड असतो!"

"मग वाळवून बघू. नाहीतर दोन पदरी करू."

पाहता पाहता अकरा डोकी बरण्यांवर वाकली. पाहुणी आहे, हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. खाली गुलझिनाबाईंच्या ड्रायव्हरने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला.

गुलझिनाबाईंचं पेन एका रकान्यापाशी अडलं. "प्रयोग यशस्वी झाला का? हो की नाही, एवढीच जागा आहे. काय लिहू, आगाय?"

"ज्यांचा प्रयोग, त्यांना विचारा," मास्तर म्हणाले.

बाईंनी मुलांना विचारलं. आयझिरेकने मागे वळूनही पाहिलं नाही. "थांबा ना, एजे. अजून झालाय कुठे?"

मुख्याध्यापिकांनी डोळे मिटून घेतले.

गुलझिनाबाई उठल्या. खिडकी उघडून खाली ओरडल्या, "मिर्लान, गाडी बंद कर! आणि वर येताना तुझ्या सीटवरचा नमदा घेऊन ये. कोरडा आहे ना तो?"