मतदानाच्या दिवशी

महिला मेळाव्यात आमदारसाहेबांना "तुमचं बालपण कसं गेलं?" एवढंच विचारायचं, असं शाळेच्या मॅडमनी तेजस्वीला दहादा बजावलं होतं. पण माईक हातात आला आणि नववीतली ती पोरगी मॅडमकडं बघायचंच विसरली. समोर तिची आई बसली होती, एका हातानं छाती दाबून ओवा चघळत. दिवाळीपासून कळ येत होती. पण तालुक्याच्या दवाखान्यात हृदय तपासायचं यंत्रच नव्हतं, म्हणून दर खेपेला पित्ताचीच गोळी मिळत होती.

"साहेब, तालुक्या-तालुक्यात बायकांच्या हृदयतपासणीची सोय करायचा ठराव विधानसभेत थोडक्या मतांनी पडला. मतदानाला तुम्ही नव्हता. कुठं गेलता?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. तेजस्वी मात्र मनातल्या मनात नाचली, घावला की वाघ!

साहेबांनी चष्मा काढला, सावकाश पुसला. "पोरी, खरं सांगू? त्या दिवशी आमच्या मिसेसच्या छातीत जराशी कळ आली. म्हटलं, राजकारण गेलं खड्ड्यात! तडक पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. बायकांनी असलं दुखणं अंगावर काढायचं नसतंय!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

 

छातीवरचा हात तसाच ठेवून तेजस्वीची आई उठली आणि काळजीनं म्हणाली, "आता वहिनीसाहेब बऱ्या हायत न्हवं, साहेब?"