खुर्चीमागची बाई

"पाणी आणू का?" फोटोतल्या बाईनं विचारलं.

संग्रहालयातले जुने फोटो बोलायला लागल्याला दोन वर्षं झाली होती. सूचीत जे लिहिलेलं असेल, त्यावरून यंत्र फोटोतल्या माणसांना आवाज आणि स्वभाव द्यायचं. पुढचं ती माणसं बघ्यांच्या वागण्या-बोलण्यातून शिकायची, आणि शिकलेलं पुसता येत नसे. या बाईची नोंद संग्रहालयाची सूची करणाऱ्या शर्वरी देवस्थळींनी केली होती. 'खुर्चीमागे उभी, मोलकरीण.'

आज त्या बाईची नात आली होती.

"मॅडम, तिच्या हातात कॅमेऱ्याचा रबरी फुगा आहे. तो दाबून आजीनं स्वतःच हा फोटो काढला. तिचा स्टुडिओ होता!"

शर्वरीबाईंना फुगा नोंद करतानाही दिसला होता. पण फोटोंची पेटी नोंदवून संपवायची घाई होती, आणि बाईच्या अंगावर दागिना नव्हता.

त्यांनी मान खाली घालून तिथल्या तिथे नोंद बदलली. नात काचेजवळ गेली.

"आजी, हा फोटो तूच काढलास ना?"

बाई दचकली. तिनं फुगा झटकन पदराआड लपवला.

"नाही हो ताई," ती शर्वरीबाईंकडे बघत म्हणाली, "मी कशालाच हात लावला नाही."