चुकलेलं केंद्र

घाटंजीच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या धर्मपालला घरच्या विद्यार्थिनीनं पार टेकीस आणलं होतं. त्याची बायको नलू इंटरला बाहेरून बसणार होती, आणि तिला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून त्याच्या आईनं संध्याकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला होता. समीकरणावरून वर्तुळाची त्रिज्या नलू चटकन काढायची, पण केंद्र सांगताना चिन्हं बदलायला हटकून विसरायची.

"क्ष वर्ग अधिक य वर्ग, वजा सहा क्ष, अधिक आठ य, बरोबर शून्य. त्रिज्या पाच आली. आता केंद्र सांग."

"उणे तीन, चार."

"अवं, चिन्ह उलटं होते! तीन, उणे चार! किती खेपा सांगू तुले?"

"अजून एकदा समजावून सांगा न," नलू पाटी पुसत म्हणायची. धर्मपाल कपाळाला हात लावायचा आणि आई जेवायला हाक मारेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून समजावत बसायचा.

यवतमाळला पेपर झाला. आईचे एवढे कष्ट वाया जाणार, असंच तो धरून चालला होता.

निकाल लागला. गणितात नलूला शंभरापैकी सत्त्याण्णव.

"मंग घरी काहून चुकत होती वं तू?"

 

नलू हसली. "बरोबर सांगतलं असतं, तं तुमी तवाच उठून चौकात पत्ते कुटाले गेले असते न!"