गळ्यातला पहारा

गव्हाची ओली कणीक, लिंबाएवढी. मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापायची.

"महिनाभर हा उजवा हात नुसता मांडीवर ठेवायचा." हे डॉक्टर, कानिफनाथला.

ताकाचा तांब्या. वर कोथिंबीर.

"हात दुखतो म्हंजे हाय. नसता तर कशाला दुखला असता?" हे सूर्यभान, फोनवर, हसत.

वीणा जमिनीला टेकत नाही. सप्ताह बसला की सात दिवस ती कुणाच्या तरी गळ्यात, आणि तो माणूस उभा. हाच त्याचा पहारा. दुसरा कुणी पाया पडून ती आपल्या गळ्यात घेईल तेव्हाच पहिला मोकळा.

पांढरी गाडी.

गाडी कॅनॉलच्या पुलावर दिसली तसा मृदंग वाजवणारा कानिफनाथ उठला. पुणतांब्याच्या अलीकडच्या वस्तीवर मंडपात जेवणं उरकली होती, माणसं जागा मिळेल तिथं आडवी झाली होती. मधोमध म्हातारे कोंडीरामबाबा तेवढे वीणा घेऊन उभे.

"द्या बाबा."

"तुमी? आन् हात?"

"वाजवायची थोडीच हाय. धरायचीय."

कोंडीरामबाबांच्या पाया पडून त्यानं वीणा गळ्यात घेतली. बाबा खांबाला टेकले आणि लगेच पेंगले.

सूर्यभान घाईत आला. कीर्तनांच्या तारखा तोच घ्यायचा. कोणत्या गावाला कोणता मृदंग जाणार, तेही तोच ठरवायचा. डॉक्टरनं सांगितलेल्या महिन्यात त्यानं कानिफनाथची एकही तारीख मोडली नव्हती. चार नव्या घातल्या होत्या. फ्लेक्सवर फोटोही छापून टाकला होता.

"चला माऊली, आटपा. कर्जत लांब हाय. लोक फोनवर फोन करून ऱ्हायलेत."

"ताक तर घ्या," चांगुणाबाई चुलीकडून म्हणाल्या. "उनाचं आलात."

त्यानं एक तांब्या घेतला. त्यांनी दुसरा भरला. तोही घेतला.

"मी जरा मागं जाऊन येतो. तवर तुमी—"

"तेवढी वीणा धरा, माऊली," कानिफनाथ म्हणाला. "मृदंगाला खोळ घालतो. पाच मिन्टं."

सूर्यभाननं इकडंतिकडं पाहिलं. चुलीपाशी बाया बसल्या होत्या, सगळ्या त्याच्याकडंच बघत होत्या. गळ्यात त्याच्या तुळशीची माळ होती. नाही म्हणायला तोंड नव्हतं. तो वाकला. पाया पडला. वीणा घेतली.

"शोभती हो," चांगुणाबाई म्हणाल्या.

कानिफनाथनं मृदंगावरची कणीक खरवडली. खोळ घातली. नाडी बांधली, सावकाश, डाव्या हातानं. मग वीणेपासून चार हातांवर सतरंजी अंथरली आणि तिच्यावर आडवा झाला. उजवा हात छातीवर ठेवला, निजलेलं लेकरू ठेवावं तसा.

"माऊली?"

"हं."

"गाडीत झोपा की."

"गाडीत हात हलतो."

सूर्यभाननं पायावरचा भार बदलला.

"मग ही घ्या तरी. मला मागं जायचंय."

"डॉक्टर न्हाई म्हनले."

"थट्टा करता काय!" आवाज चढला तशा बाया पुन्हा बघू लागल्या. त्यानं घाईनं तार छेडली. "राम कृष्ण हरी. राम कृष्ण हरी." मग खांबाकडं वळून, हळूच, "ओ कोंडीरामबाबा. घेता का जरा?"

बाबांनी एक डोळा उघडला. "माजा पहारा आता दिवस मावळल्यावर."

"मग आत्ता कुनाचा हाय?"

"ज्याच्या गळ्यात हाय त्याचा."

आणि डोळा मिटला.

खिशातला फोन वाजला. खिसा वीणेच्या भोपळ्याखाली दबलेला. काढायला जावं तर वीणा सटकायची. रिंग म्हणून सूर्यभाननं मृदंग ठेवला होता. कानिफनाथचाच, दोन वर्षांपूर्वीचा.

कानिफनाथ डोळे मिटून ऐकत राहिला. उजव्या हाताचं एकेक बोट वेगळं ऐकू येत होतं. करंगळीसुद्धा.

फोन थांबला. पुन्हा सुरू झाला.

"कर्जतवाले असतील, माऊली," सूर्यभान म्हणाला. आता तो विनवत होता. "काय सांगू त्यांना?"

"सांगा, मृदंग झोपलाय."

"पाय भरून आले हो."

कानिफनाथ कुशीवर वळला. त्याच्याकडं तोंड करून. डोळे सताड उघडे, चेहरा शांत.

"भरून आले म्हंजे हायेत," तो म्हणाला. "नसते तर कशाला भरून आले असते?"

चुलीपाशी कुणीतरी पदर तोंडात कोंबला.

ऊन मंडपाच्या कनातीवरून खाली सरकलं. सूर्यभान एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. राम कृष्ण हरी लवकर लवकर येऊ लागलं, मग बारीक, मग दात आवळून. चांगुणाबाई उठल्या आणि आणखी एक तांब्या भरून त्याच्यापुढं आल्या.

"घ्या. घसा कोरडा पडला आसंल."

कानिफनाथला त्यानंतरचं काही ऐकू आलं नाही. तो खरंच झोपला होता, तोंड उघडं टाकून.

त्याच दिवशी सकाळी, भजनाच्या आधी, मृदंगासाठी कणीक मळताना त्याच्या हातून पाणी जास्त पडलं होतं. उजव्या हाताच्या बोटांना ते ओलं लागलंच नाही. डावा हात लावून पाहिल्यावर कळलं.