पोटरीवरची खाज

डॉक्टर फरहाना यांनी काचेची नळी सुलभाच्या पोटरीवर पालथी धरली, तेव्हा आतला डास पाहून तिच्या नवऱ्याचा, देवाजीचा, हात आपसूकच उगारला गेला.

"थांबा, मारू नका!" डॉक्टर म्हणाल्या. "याच्यासाठीच तर नागपूरहून गाडी आलीय."

सुलभा पलंगावरून नुसती बघत राहिली. वनरक्षक म्हणून जंगल पायी तुडवणारी ती, चिकुनगुनियाचा ताप उतरल्यावर आठवडाभरातच मानेखाली लुळी आणि बधिर पडली होती. तापाशी लढलेल्या तिच्याच पेशी आता तिच्या नसांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या. प्रयोगशाळेत वाढवलेल्या या डासाच्या लाळेत, या नसा आपल्याच आहेत अशी त्या पेशींना ओळख पटवणारं द्रव्य होतं. तेच द्रव्य सुईनं टोचलं तर पेशी बधत नसत. डासाकडून आलं तरच ऐकत. असं का, हे अजून कुणालाच उमगलं नव्हतं.

डास चावला. तिला कळलंही नाही.

चार-पाच दिवसांनी दुपारी देवाजी तिला पेज भरवत होता. ती एकदम थांबली.

"अहो, पोटरीला खाजतंय."

"काय?"

"खाजतंय! डास चावला तिथंच!"

देवाजीनं वाटी खाली ठेवली आणि चाव्यानं उठलेल्या लाल गांधीवर हलकेच नख फिरवलं. सुलभाचे डोळे भरून आले. एवढ्याशा जिवानं तिच्या रक्तातल्या कोट्यवधी पेशींची समजूत घातली होती.

"थांबू का?" त्यानं घाबरून विचारलं.

"नको," ती म्हणाली, "अजून थोडं."