सत्तेचाळीस नंबरचा ड्रम

ड्रमवरचा आकडा नलूने दुरूनच ओळखला. सत्तेचाळीस. शाळेच्या ओसरीत, स्टुलावर, नवी तोटी लावून तो निळा ड्रम दिमाखात बसला होता. पोटावर 'शाळेस सप्रेम भेट' असा रंगीत कागद चिकटवलेला. पण बुडाजवळचा पांढऱ्या रंगातला आकडा पुसायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्या दिवशी ब्रशातला रंग संपत आला, म्हणून साताची शेपटी अर्धीच राहिली होती. ती अर्धी शेपटी नलूच्याच हातची.

मांडवात माईकवरून नावं पुकारणं सुरू होतं. महिनाभराच्या प्रशिक्षणाचा आज समारोप. कामावरची कापसाची जिनिंग गिरणी बंद पडल्यापासून नलू दोन वर्षं घरी बसून होती. शेतशिवारातला विषारी कचरा उचलायचं हे शिक्षण गावातल्या बारा बेकारांना मिळालं, त्यात तिचाही नंबर लागला. सर्टिफिकेट हाती पडलं की सिंदी मेघेजवळच्या कचरा केंद्रात नोकरी पक्की. यादीत तिचं नाव पाचवं होतं.

शिकवायला येणाऱ्या रूपाली मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फवारणीच्या औषधाचा रिकामा ड्रम तीनदा धुवायचा आणि बुडाला भोक पाडायचं. कितीही धुतला तरी प्लास्टिकात विष मुरलेलं असतं, आणि भोक नाही पाडलं तर तो कोणाच्या तरी घरी पाणी भरायला जातो. बाराही जणांनी शेतांच्या धुऱ्याधुऱ्यावरून, औषधाच्या दुकानांमागून एकशे बारा ड्रम गोळा केले, धुतले, आकडे घातले. भोकं पाडायच्या दिवशी मॅडम नव्हत्या. आला ताराचंद, हे सगळं चालवणाऱ्या संस्थेचा माणूस. फोटोपुरता एक फोडा म्हणाला, बाकीचे कारखान्यात मशीनवर फुटतील. नलूने काऊन म्हणून विचारलं, तर त्याने उलट तिलाच विचारलं, नोकरी पाहिजे की नको. नलूने हातातली सळई खाली ठेवली. एकशे अकरा ड्रम धडधाकट टेम्पोत चढले. त्याला आता वीस दिवस झाले होते.

आणि त्यातला एक इथे, लेकरांच्या शाळेत. वरून सप्रेम!

स्वागतगीत म्हणून घसा सुकलेली पोरं ड्रमासमोर रांग लावत होती. मंचावर पाहुण्यांपुढे मात्र सीलबंद बाटल्या मांडल्या होत्या. ते पाहून नलूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रांगेत तिची लेक आकांक्षा नव्हती, तेवढं बरं होतं. आठ दिवसांपासून पोरीचं पोट दुखत होतं, मळमळत होतं. कच्च्या चिंचा खाते म्हणून नलूने सकाळीच तिला एक धपाटा घातला होता आणि घरी निजवून ती इकडे आली होती.

ताराचंद मांडवाच्या खांबापाशी फोटोवाल्याला सूचना देत होता. नलूने त्याला गाठलं आणि ड्रमाकडे बोट दाखवलं. त्याचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"तीनदा धुतला हाय तो. तुह्याच हातानं," तो म्हणाला. "तुह्या कामावर तुहाच भरोसा नाई काय?"

चोर तो चोर, वर शिरजोर. आता तुझं नाव येईल, गुपचूप वर ये, फोटो काढ आणि नोकरीला लाग, असंही त्याने तिला समजावलं. आणि तेवढ्यात माईकवरून आवाज आला, नलू प्रेमदास रामटेके. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंचाच्या पायरीशी एका टेबलावर प्रशिक्षणाचं सामान मांडून ठेवलं होतं. हातमोजे, मास्क, टोकदार सळई, हातोडी. सगळ्यावर झेंडूचं एकेक फूल. नलूने सळई आणि हातोडी उचलली, फूल खाली पडलं. टाळ्या वाजतच होत्या. ती मंचाकडे गेली नाही. सरळ ओसरीत गेली, पोरांना हाताने मागे सारलं, त्यांच्या हातातले भरलेले गिलास उपडे केले आणि सत्तेचाळीसच्या शेजारी सळई टेकवली. दुसऱ्या घावाला ड्रम फुटला. पाणी ओसरीवरून पायऱ्यांवर आणि पायऱ्यांवरून मांडवात आलं.

ताराचंद धावत आला. बाई येडी झाली, असं तो पाहुण्यांना सांगू लागला. सर्टिफिकेट त्याने तिच्या डोळ्यांदेखत फायलीत परत घातलं. नलूने ते जाऊ दिलं. तिने 'सप्रेम भेट' नखाने उचकटून काढली. खाली जुना कागद खरवडलेला होता, पण विषाचा लाल त्रिकोण अर्धा शिल्लक होता.

"हे कापसावरच्या औषधाचं भांडं हाय," ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलली. "असे आनखी एकशे दहा गेले. कोनाकोनाच्या घरी गेले, ते याले इचारा."

मग मागून एकेक माणूस उठून ताराचंदकडे यायला लागला. नलूच्या छातीवरचा धोंडा उतरला. नोकरी गेली तर गेली. जे भोक वीस दिवसांपूर्वी पाडायचं होतं, ते उशिरा का होईना, तिने पाडलं होतं.

शाळेत खिचडी शिजवणारी मंदाबाई खाली वाकून गिलास गोळा करत होती. ती उठली नाही. नलूकडे तिने पाहिलंही नाही.

"बाई, पंधरा दिवस झाले, लेकरं याच ड्रमातून पानी पेऊन राह्यले," ती हळूच म्हणाली. "तुही आकांक्षा तं घरी जातानी बाटली भरून नेते."